नानांच्या पोर्टला ऊन लागतं

मे महिन्यात जळगावात कूलरचं तोंड माणसांकडे असतं. एवढी एक गोष्ट सोडली तर त्या दिवसांत या गावात माणसाच्या बाजूनं काहीही नसतं. सुपडूनानांच्या दुकानात मात्र कूलरचं तोंड बाटल्यांकडे असतं, आणि नाना स्वतः गल्ल्यावर बसून रिकाम्या खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घेत असतात. बंडी घामानं अंगाला चिकटलेली, टोपी गुडघ्यावर, आणि मागे कूलर घरघर करत एका फळीवरच्या लालभडक बाटल्यांना थंड करतोय, हे दृश्य मी गेली कित्येक वर्षं पाहतो आहे.

मी एकदा विचारलं, "नाना, कूलर थोडा इकडे वळवला तर?"

"माले घाम येस भाऊ," नाना म्हणाले. "तिले घाम येस का? मंग हवा कोनले पाहिजे?"

मी स्वतःसाठी दुसरा पुठ्ठा शोधला.

मेहरूणकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची दुकानं शेजारी शेजारी आहेत. माझं मेडिकल आणि नानांचं वाईन शॉप. मध्ये एक बोळ, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढाच. गावातले टवाळ म्हणतात की या रस्त्यावर रोग आणि इलाज शेजारी शेजारी मिळतात; कोणत्या दुकानात काय मिळतं, एवढ्यावरच त्यांचे मतभेद आहेत.

नानांच्या दुकानात व्हिस्की आहे, रम आहे, बिअर आहे, आणि गोडसर लाल पोर्ट वाईन आहे. पहिल्या तिघांशी नानांचा संबंध मामलेदार कचेरीतल्या कारकुनाचा जनतेशी असतो तेवढाच. खोकी कुठेही पडलेली असतात. गिऱ्हाईक जाळीपलीकडून ओरडतं, "नाना, ती वरची कोणती?" नाना म्हणतात, "वाच ना. शाळा शिकना ना तू?" कंपनीवाले व्हिस्कीसाठी दिवे लुकलुकणारा एक स्टँड फुकट देऊन गेले. त्यावर नाना टॉवेल वाळत घालतात. दिवे चालू असले की टॉवेल लवकर वाळतो म्हणे.

पोर्टची गोष्ट वेगळी. ती ठेवायची जागा दुकानातली सगळ्यात थंड, म्हणजे बोळाकडची भिंत. तिकडे ऊन दिवसभर फिरकत नाही. तरीही फळीच्या मागे ओलं गोणपाट, फळीखाली पाण्याची घागर, आणि वरून नानांच्या स्वर्गवासी पत्नीच्या एका सुती लुगड्याचा पडदा. बाटल्या रोज सकाळी मऊ फडक्यानं पुसायच्या, जुना माल पुढे, नवा मागे, आणि प्रत्येक लेबल नाकासमोर. आत आलेल्या कोणी एखादी हातात घेऊन तिरकी परत ठेवली, तर नाना तो गेल्यावर उठतात आणि लहान मुलाचा भांग नीट करावा तशी ती सरळ करतात. दुपारी कोणी पडदा बाजूला केला की आतून आवाज येतो, "ओ! तिले ऊन लागी!"

माणसाला ऊन लागतं, कोंबडीला लागतं, हे आम्हा खानदेशी लोकांना माहीत आहे. बाटलीलाही लागतं, हे मी नानांकडून शिकलो. कोणाच्या लग्नाला म्हणून ते नाशिकला गेले, तिथून परतले आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर फळीवरच्या सगळ्या बाटल्या आडव्या. म्हटलं, भूकंप झाला की काय?

"झोपाडेल शेत," नाना हळू आवाजात म्हणाले. नाशिकला कोणीतरी त्यांना वाईनचं तळघर दाखवलं होतं. तिथे शेकडो बाटल्या आडव्या निजलेल्या पाहून नानांना गहिवरून आलं. आपण इतकी वर्षं या बिचाऱ्यांना उभं ठेवलं, या विचारानं त्यांना रात्रभर झोप नव्हती. मग त्यांनी प्रत्येक बाटलीखाली भाताच्या पेंढ्याची गादी केली आणि दुकानात मोठ्यानं बोलायला बंदी घातली. व्हिस्की मागायला आलेली दांडगी माणसंसुद्धा आठवडाभर कुजबुजत होती.

मग मुंग्या आल्या. आधी एक रांग, मग वरात. बाटल्यांमधून गोड लाल थेंब झिरपत होते, आणि माझ्या मेडिकलमधल्या कफ सिरपकडे वळूनही न बघता सगळ्या मुंग्या बोळातून नानांकडे चालल्या होत्या. धुळ्याहून कंपनीचा माणूस आला, त्यानं कपाळाला हात लावला.

"नाना, बुचाची बाटली आडवी ठेवतात. बूच ओलं राहावं, वाळून हवा आत जाऊ नये म्हणून. हिला पत्र्याचं झाकण आहे. ही उभीच बरी."

"मंग पहिले काब्र नही सांगं?"

"तुम्ही झोपवाल असं वाटलं नव्हतं."

नानांनी सगळ्या बाटल्या पुन्हा उभ्या केल्या, कोमट पाण्यानं पुसल्या, आणि पुढचे काही दिवस एकही विकली नाही. विचारलं तर म्हणाले, "दमी गयात त्या." गिऱ्हाईक परत पाठवणारा दारूवाला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

आता बोळातल्या खिडकीबद्दल सांगतो, कारण माझा आणि नानांचा खरा तंटा तिथला आहे. पोर्टच्या फळीशीच नानांनी बोळाकडे एक खिडकी पाडून घेतली. तिला गज, गजांमध्ये कडी असलेलं एक लहानसं दार, आणि दाराच्या आत उभी पोर्टची रांग. हे कायद्यात कसं बसतं ते मी विचारलं नाही. बसत नसेल तर नानांनी मला ते सांगून माझी झोप घालवली असती. या खिडकीशी बायका येतात. मुलीचं बाळंतपण झालेली आई, थंडीनं आखडलेली म्हातारी, आजारातून उठलेल्या सासूसाठी आलेली सून. पुढच्या जाळीशी पुरुषांच्या गर्दीत या बायका उभ्या राहणं शक्यच नाही. बोळात येतात, इकडे तिकडे बघतात, खिडकीतल्या बाटलीकडे बोट करतात. नाना काही विचारत नाहीत. लुगड्याचा पडदा सारतात, बाटली काढतात, दार उघडून देतात.

"बोट दाखाडं का बस," असं त्यांचं म्हणणं. "बाईमानूसले नाव घेवानी येळ येवाले नको." म्हणून फळीची उंचीसुद्धा त्यांनी ठेंगण्या म्हातारीचं बोट पोचेल एवढीच ठेवली आहे. कंपनीच्या माणसानं एकदा सांगितलं की माल डोळ्यांच्या पातळीवर मांडावा. नाना म्हणाले, "कोनना डोया?"

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार पिशव्यांची. काळ्या पिशवीतून बाटली नेली की अख्ख्या गल्लीला कळतं, म्हणून नाना ती बाटली माझ्या मेडिकलच्या खाकी पिशवीत घालून देतात. वर माझं नाव, खाली 'सर्व प्रकारची औषधे मिळतील'. पिशव्या ते माझ्याकडूनच हक्कानं नेतात. परिणाम असा, की एक दिवस एक आजी माझ्या काउंटरवर येऊन भांडल्या, "भाऊ, या खेपेनं टॉनिक पातळ शे तुन्हं!" मी फार्मसी शिकलेला माणूस. पोर्ट वाईन हे टॉनिक नव्हे, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते जाऊ दे. घट्टवाली बाटली दे."

नानांनाही मी तेच अनेकदा सांगितलं आहे. त्यांचं उत्तर ठरलेलं, "तू बाटलीमा लाल शाई घालीसन इकस, मी बी लालच इकस." माझ्या आयर्न टॉनिकबद्दलचं हे मत मला मान्य नाही, पण चवीच्या बाबतीत नानांचा माल सरस आहे, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

आता या सगळ्या खटाटोपात नानांना पैसा सुटतो म्हणावं, तर दुकान चालतं ते पुढच्या जाळीवर. मग हा एवढा जीव पोर्टवर का? मी तो वेडेपणाच समजत होतो. कारण कळलं ते त्यांच्या भाच्याकडून, दिलीपकडून. तो एरंडोलहून कधीमधी येतो.

नानांची मोठी बहीण एरंडोलला असते. सगळे तिला अक्का म्हणतात. आई लवकर गेली, तेव्हा नानांना अक्कानंच वाढवलं. लग्न होऊन सासरी जाताना या धाकट्या भावाला कडेवर घेऊनच गेली म्हणतात. पुढे अक्काच्या नवऱ्याला दारू लागली, आणि दारूनं त्याला नेलं. ती दोन मुलं घेऊन मागे राहिली. त्यानंतर काही वर्षांनी नानांच्या सासऱ्यांचं हे दुकान लायसन्ससकट नानांकडे आलं. नाना पेढे घेऊन एरंडोलला गेले. अक्कानं पेढा घेतला नाही. "तुन्हा दुकाननी पायरी मी चढाव नही," एवढं म्हणाली, आणि त्या दिवसापासून भावाशी अबोला धरला.

अबोला म्हणजे साधा नव्हे. दर भाऊबीजेला नाना एरंडोलला जातात. अक्का पाट मांडते, ओवाळते, पोटभर जेवू घालते, आणि त्यांच्याशी एक शब्द बोलत नाही. नाना समोर बसलेले असतात आणि ती दिलीपला म्हणते, "त्याले भाजी वाढ." नाना दिलीपला म्हणतात, "पुरे म्हना." ती दिलीपला म्हणते, "रोडावना तो. आजून एक भाकर दे त्याले." बिचारा दिलीप दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या दोन माणसांमध्ये टपाल वाहत वाढला आहे.

"मामाले एकच वाटस," दिलीप मला म्हणाला. "आईनं एकदा येवाले पाहिजे. ती खिडकी पाहवाले पाहिजे. मामा दारू इकस ते तिले माहीत शे, पन बायास्ले काय देस, ते तिनी पाहेल नही."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. एका बाईनं कधीतरी यावं आणि तिला लाज वाटणार नाही अशी एक जागा या दुकानात असावी, म्हणून एवढा मोठा माणूस बाटल्यांचे भांग पाडत बसला होता. मला त्यांची दया आली आणि थोडा रागही. तिच्याशी नीट बोलायचं सोडून हा माणूस फळ्या पुसतो! पण भावाबहिणीच्या भांडणात मेडिकलवाल्यानं तोंड घालू नये, एवढं व्यवहारज्ञान मला आहे.

या उन्हाळ्यात अक्काच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जळगावात झालं. दवाखान्याच्या खालीच औषधाचं दुकान आहे, तरी थेंब माझ्याकडूनच घ्यायचे असं नानांनी दिलीपला बजावलं. बेत माझ्या ध्यानात आला. अक्का वाईन शॉपची पायरी चढणार नाही. मेडिकलची चढायला तिची काही हरकत नव्हती.

अक्का येणार होती त्या सकाळी नाना दुकान उघडायच्या आधीच माझ्याकडे हजर. "भाऊ, तुन्हं बाकडं बोळना तोंडशी ठेव. तठे सावली शे." बाकडं त्यांनीच उचलून नेलं आणि त्यावर बसून पाहिलं. खिडकी बरोबर समोर येते की नाही याची खात्री करून बाकडं दोन बोटं सरकवलं. पडदा धुऊन इस्त्री केलेला. बाटल्या अशा चमकत होत्या की त्यात तोंड दिसावं. इतकं करून भागलं नाही, म्हणून नानांनी 'वाईन शॉप' या पाटीवर गोणपाट टांगलं आणि पुढच्या जाळीवर सतरंजी. नेहमीची मंडळी येऊन घाबरली. एकानं मला हळूच विचारलं, "सील झालं का?" दुसरा बाहेरून ओरडला, "नाना, आज ड्राय डे?" नाना आतून म्हणाले, "तुन्हासाठी शे."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा रिक्षा थांबली. दिलीपनं हात धरून अक्काला उतरवलं. उंच, सडपातळ बाई, डोक्यावरून पदर, हातात स्टीलचा रुंद डबा, आणि डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा मोठा काळा चष्मा. तो चष्मा पाहिला आणि माझं मन खट्टू झालं. दिलीपला बाजूला घेऊन विचारलं. ऑपरेशन झालेला डोळा अजून लाल होता, आणि दुसऱ्यानं आधीच धूसर दिसायचं.

अक्का बाकड्यावर बसली. खिडकीत लुगड्याचा पडदा अगदी हलकेच सरकला. गजांमागे नाना उभे होते, टोपी घालून, श्वास रोखून. मी थेंबांची बाटली दिली, कसे घालायचे ते सांगितलं. अक्कानं ऐकलं आणि मग मान बोळाकडे वळवली.

"भाऊ, तठे लाल लाल काय दिसस?"

"बाटल्या आहेत, अक्का. बायका नेतात. बाळंतिणीसाठी, म्हाताऱ्या माणसांसाठी."

"तुन्ह्या का त्यान्या?"

"त्यांच्या."

खिडकीत काही हालचाल नव्हती. मग ती म्हणाली, "अन बापे कथाईन लेतस?"

"पुरुष पुढच्या दारानं नेतात."

"मंग पुढलं दार बंद कर म्हना त्याले."

झालं! इतक्या वर्षांची पुसापुशी एका वाक्यात निकालात निघाली. मी खिडकीकडे पाहायचं टाळलं. मला वाटलं, आता ही उठणार, रिक्षात बसणार, आणि हा माणूस उद्यापासून पोर्ट उन्हात ठेवणार.

पण ती उठली नाही. तिनं पदर सारखा केला आणि मला विचारलं, "जेवना का तो?"

मी खिडकीकडे वळून विचारलं, "नाना, जेवलात का?" नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले, "जेवनू म्हना." हे खोटं होतं. त्यांचा डबा सकाळपासून खुंटीवर लटकत होता, आणि अक्काला ते न बघताच कळलं असावं. तिनं आपला डबा मांडीवर घेतला. "कयनानी भाकर शे अन बिबडा शेत. त्याले दे."

मी डबा घेऊन पुढच्या दारानं जायला निघालो, तशी खिडकीतून घाई उसळली, "आठून! भाऊ, आठून दे!" अक्कानं ते ऐकलं. काय वाटलं तिला कोण जाणे, माझ्या हातातून तिनं डबा परत घेतला, भिंत चाचपत बोळात गेली, आणि गजांशी उभी राहिली. पायरी तिनं चढली नाही. बोळाला पायरीच नाही.

नानांनी गजांमधलं दार उघडलं. पण डबा रुंद, आणि दाराच्या आत पोर्टची रांग. एरवी एक बाटली हलवायला फडकं शोधणारा हा माणूस. त्यानं दोन्ही हातांनी बाटल्या ओढायला सुरुवात केली. कशाही, कुठेही. काही खोक्यावर, काही व्हिस्कीच्या स्टँडवर, काही सरळ तापलेल्या फरशीवर. पडदा एका बाजूला लोंबला. अक्काचा हात डब्यासकट आत आला, आणि त्याच क्षणी फळीवरची एक बाटली नानांचं कोपर लागून खाली गेली. फटकन आवाज झाला.

"सुपडू!" अक्का ओरडली. "काच लागनी का रे तुले?"

दिलीप रस्त्यावरच थिजून उभा राहिला.

"नही लागनी, अक्का," नाना म्हणाले.

"चप्पल घाल पहिले. सरक तठून. हाले नको, सरक." तिला काही दिसत नव्हतं, पण ती गजांतून हात घालून भावाचा दंड शोधत होती. तो सापडला तेव्हा तिनं तो घट्ट धरला आणि तशीच उभी राहिली. किती वेळ, ते मी पाहिलं नाही. मी माझ्या दुकानात जाऊन काउंटरवरचं काहीतरी उगाच इकडचं तिकडे केलं.

रिक्षा गेल्यावर मी कापूस आणि औषध घेऊन नानांकडे गेलो. पायाच्या अंगठ्यात चांगलीच काच गेली होती. सांडलेल्या पोर्टमध्ये रक्त ओळखू येत नव्हतं इतकंच. नाना खोक्यावर बसले होते, मांडीवर उघडा डबा. ज्वारीच्या पापडासारखा तो बिबडा तोडून नुसता हातात धरलेला. मी पाय धुतला, काच काढली, पट्टी बांधली.

बाहेरून कोणीतरी सतरंजी बाजूला करून हाक मारली, "नाना, एक क्वार्टर!" नानांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"भाऊ," ते मला म्हणाले, "ती कोनले बोलनी?"

"तुम्हालाच, नाना."

"दिलीपले नही?"

"दिलीप रस्त्यावर होता. तुम्हालाच बोलली."